पंचाहत्तर रुपयांचे स्वातंत्र्य

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजच्या पहिल्या काळाविषयी दोन समजुती प्रचलित आहेत. पहिली म्हणजे, टिळक-आगरकरांनी उभे केलेले हे कॉलेज राष्ट्रीय वृत्तीचे माहेरघर होते. दुसरी म्हणजे, टिळक बाहेर पडल्यावर ते मवाळांच्या ताब्यात गेले आणि सरकारच्या कलाने चालू लागले. दोन्हींना आधार आहेत आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. 2 जानेवारी 1885 रोजी कॉलेज सुरू झाले तेव्हापासून 1920 च्या आसपासपर्यंतची हकिगत एकत्र वाचली, की निराळे चित्र दिसते. या कॉलेजात समाजाशी भांडण्याची मुभा होती, सरकारशी भांडण्याची नव्हती. पहिली मुभा प्राध्यापकांना कॉलेजच्या घडणीने दिली. दुसरी विद्यार्थ्यांनी वसतिगृहाच्या खोल्यांत स्वतःच मिळवली. फर्ग्युसनचे म्हणून जे वातावरण ओळखले जाते, ते या दोहोंच्या ओढाताणीतून तयार झाले.

आधी घडण पाहू. टिळक आणि आगरकर यांची मैत्री डेक्कन कॉलेजात, शिक्षण घेत असतानाच जमली आणि सरकारी नोकरी न धरता शाळा काढायची हा बेतही तिथल्याच चर्चांत पक्का झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले, 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी कॉलेज. नाव मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे, देणग्या संस्थानिकांच्या आणि सरदारांच्या. पण कारभार आजीव सभासदांचा. वीस वर्षे संस्थेत शिकवायचे, ठरलेल्या अल्प वेतनावर भागवायचे आणि त्या बदल्यात संस्था आपण मिळून चालवायची, असा हा करार होता. वेतन पुढे महिना 75 रुपयांवर स्थिरावले. वर प्रतिष्ठितांचे कौन्सिल असले तरी कोणी काय शिकवायचे, नवा सभासद कोणाला करायचे, प्राचार्य कोण, हे शिकवणारेच ठरवत. मुंबई इलाख्यातील त्या वेळच्या इतर कॉलेजांशी ताडून पाहिले तर हे वेगळेपण ठसठशीत दिसते. एल्फिन्स्टन आणि डेक्कन सरकारची, विल्सन आणि सेंट झेवियर्स मिशनऱ्यांची. तिथे प्राध्यापक नोकर होता. फर्ग्युसनमध्ये तो भागीदार होता.

या भागीदारीचा विद्यार्थ्यांवर झालेला परिणाम वर्गातल्या व्याख्यानांपेक्षा प्राध्यापकांच्या आयुष्यात शोधावा लागतो. पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे 1892 मध्ये वारले तेव्हा त्यांनी वयाची पस्तिशीही गाठलेली नव्हती, पण त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश दोन वर्षे आधीच बाहेर पडला होता. त्यांच्या जागी आले गोपाळ गणेश आगरकर. ‘सुधारक’ 1888 मध्ये सुरू झालेला होता आणि संमतिवयाच्या वादाने पुणे नुकतेच ढवळून निघाले होते. ज्या माणसाची सनातन्यांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तो कॉलेजच्या प्राचार्यपदी बसला आणि 1895 मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथे राहिला. पुण्यासारख्या गावात, मुले पाठवणारे पालक बहुतांशी सनातनी असताना, हे सोपे नव्हते. सरकारी कॉलेजात नास्तिक प्राध्यापक असता तर सरकारने धार्मिक तटस्थतेचे कारण पुढे केले असते. एखाद्या धनिकाच्या कॉलेजात असता तर त्याच्यावर देणगीदारांची खप्पामर्जी झाली असती.

धोंडो केशव कर्व्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. टिळकांच्या राजीनाम्यामुळे गणिताची जागा रिकामी झाली आणि 1891 मध्ये कर्वे फर्ग्युसनमध्ये आले. 1893 मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विधवा गोदूबाईंशी विवाह केला. त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले, पुण्यात घरोघरी चर्चा झाली. पण कॉलेजातली नोकरी टिकली. पुढे हिंगण्याला विधवांसाठी झोपडी उभी राहिली, तेव्हा कर्वे तिथून पायी कॉलेजात येत, गणित शिकवून परत पायीच जात. 1914 पर्यंत ते शिकवत राहिले. आता त्यांच्या मुलाकडे पाहा. रघुनाथ धोंडो कर्वे फर्ग्युसनचेच पदवीधर, गणिताचेच प्राध्यापक, पण मुंबईच्या विल्सन कॉलेजात. संततिनियमनाचा उघड प्रचार सुरू केल्यावर 1925 मध्ये त्यांना ती नोकरी सोडावी लागली. वडिलांचे कृत्य 1893 च्या समाजाला जितके अब्रह्मण्यम वाटले, तितकेच मुलाचे विचार 1925 च्या समाजाला वाटले. विषय वेगळे, काळ वेगळा, हे मान्य. तरीही एकाची नोकरी टिकली आणि दुसऱ्याची गेली, यामागे दोन्ही कॉलेजांच्या मालकीतला फरक आहे हे नाकारता येत नाही.

गोपाळ कृष्ण गोखल्यांचीही तीच गोष्ट. 1897 मध्ये प्लेगच्या बंदोबस्तातील अत्याचारांविषयी विलायतेत केलेले आरोप सिद्ध करता न आल्याने त्यांनी जाहीर माफी मागितली आणि पुण्यात त्यांची छी-थू झाली. वृत्तपत्रांत त्यांच्यावर तुटून पडणारे पुष्कळ होते. पण कॉलेजातले त्यांचे स्थान ढळले नाही. हे पाहत वाढलेल्या विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकात नसलेली एक गोष्ट कळत होती : गाव विरोधात गेले म्हणून माणसाची भाकरी जायलाच हवी असे नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. ही सारी थोर माणसे होती, कुठेही गेली असती तरी ताठच राहिली असती. मग श्रेय व्यवस्थेला कशाला? आक्षेप आकर्षक आहे, पण पुराव्यापुढे टिकत नाही. कारण ही माणसे संत नव्हती. आजीव सभासदांनी बाहेरून मिळकत करावी की नाही, यावर त्यांच्यात वर्षानुवर्षे कडाक्याची भांडणे झाली. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले तेव्हा वाद चिघळला आणि 1890 च्या अखेरीस टिळकांनी लांबलचक कारणे देऊन राजीनामा दिला. अहंकार, मत्सर, पैशाची चणचण, सारे तिथे होते. एवढे होऊनही कॉलेज मोडले नाही, 1895 मध्ये चतुःशृंगीच्या बाजूच्या माळावर आपल्या इमारतीत गेले आणि वाढले. माणसे भांडत असताना संस्था टिकते, तेव्हा तिला सावरणारे काहीतरी नियमांतच असते. टिळक बाहेर पडले आणि कर्वे आत आले. दोघांची मते जुळणारी नव्हती, पण करार एकच होता.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. 7 ऑक्टोबर 1905 रोजी पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. बंगालच्या फाळणीने देश तापला होता. होळीत पुढाकार घेणाऱ्यांत फर्ग्युसनच्या वसतिगृहात राहणारे विनायक दामोदर सावरकर होते. प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी त्यांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. ‘केसरी’तून टिळकांनी परांजप्यांवर कडक टीका केली. स्वातंत्र्याचे एवढे गोडवे गायचे आणि देशासाठी कपडे जाळणाऱ्या मुलाला हाकलायचे, हा न्याय कसला? परांजपे काही भित्रे गृहस्थ नव्हते. केंब्रिजचे 1899 चे सीनियर रँग्लर; सरकारी खात्यात मोठ्या पगाराच्या जागा त्यांना सहज मिळाल्या असत्या. ते 75 रुपयांवर फर्ग्युसनला परतले. देवधर्माबाबतची त्यांची परखड मते सर्वश्रुत होती आणि ती बोलून दाखवायला ते कधी कचरले नाहीत. तेच परांजपे होळीपुढे कठोर झाले.

याचे उत्तर कॉलेजच्या घडणीतच आहे आणि ते संस्थेला फारसे भूषणावह नाही. शिक्षकांच्या मालकीने त्यांना समाजापासून संरक्षण दिले, सरकारपासून नाही. अनुदान सरकारचे, संलग्नता मुंबई विद्यापीठाची, आणि विद्यापीठावर वचक सरकारचा. वीस वर्षांच्या शपथेने देणगीदाराचा दाब कमी करता येत होता. सरकारी अनुदान थांबले असते तर ती शपथ कामाची नव्हती. पुढे 1907 मध्ये हिंदुस्थान सरकारच्या रिस्ले परिपत्रकाने विद्यार्थ्यांनी राजकारणात पडू नये असा दंडकच घातला, तेव्हा ही मर्यादा लेखी झाली. तरीही एक तपशील लक्षात ठेवायला हवा. सावरकरांचे वसतिगृह गेले, कॉलेज गेले नाही. त्याच वर्षअखेरीस त्यांनी बी.ए.ची परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले. शिक्षेतही हात आखडता घेतला गेला. आचार्य कृपलानींचा अनुभव याच्याशी जुळतो. कराचीच्या कॉलेजातून काढून टाकल्यावर ते पुण्याला आले आणि 1908 मध्ये फर्ग्युसनचे पदवीधर झाले. ज्यांना इतरत्र थारा नव्हता अशांना इथे निदान बसायला बाक मिळत होता.

प्राध्यापकांना जे करता येत नव्हते, ते खोल्यांतून झाले. वसतिगृहाच्या पहिल्या ब्लॉकमधली सतरा नंबरची खोली आज सावरकरांच्या नावाने ओळखली जाते, पण त्या खोलीकडे एका माणसाचे स्मारक म्हणून पाहिले तर तिचा अर्थ निसटतो. तिथले विद्यार्थी ‘आर्यन वीकली’ हे हस्तलिखित साप्ताहिक काढत. लेख लिहायचे, सुवाच्य अक्षरात उतरवायचे आणि प्रत हातोहात फिरवायची. छापखाना नाही, जाहिरात नाही, संपादकाला पगार नाही. वर्गात इतिहास आणि तर्कशास्त्र इंग्रजीतून शिकायचे आणि रात्री दिव्याच्या उजेडात इटलीच्या स्वातंत्र्याची चर्चा करायची, असे हे दुहेरी शिक्षण होते. काका कालेलकर याच काळात इथे तत्त्वज्ञान शिकत होते. प्राध्यापकांनी या हालचालींना उत्तेजन दिले नाही. पण गाव काय म्हणेल याची पर्वा न करणारी माणसे रोज समोर पाहिलेल्या मुलांना सरकार काय म्हणेल याचीही पर्वा वाटेनाशी झाली, तर त्यात नवल नव्हते. गुरूंनी अर्धा धडा शिकवला, शिष्यांनी उरलेला अर्धा स्वतः काढला. परांजप्यांना तो पटला नाही, हेही साहजिक होते.

तिसरा आक्षेप सर्वांत जिव्हारी लागणारा आहे. हे सगळे स्वातंत्र्य कोणाचे? आजीव सभासद नव्या सभासदांची निवड स्वतःच करत, आणि ते जवळजवळ सारे ब्राह्मण होते. विद्यार्थ्यांतही त्यांचाच भरणा. कॉलेज निघण्याच्या तीन वर्षे आधी, 1882 मध्ये, महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे स्पष्ट म्हटले होते, की रयतेच्या कष्टाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. ती तक्रार फर्ग्युसनलाही लागू होत होती. विठ्ठल रामजी शिंदे 1898 मध्ये इथूनच बी.ए. झाले आणि पुढे अस्पृश्यतानिवारणाच्या कामात त्यांनी आयुष्य घातले, हे खरे. विद्यापीठाची एकही पदवी नसलेले गोव्याचे धर्मानंद कोसंबी 1912 ते 1918 इथे पाली शिकवत होते, हेही खरे. नियमांच्या चौकटीत अडकलेल्या सरकारी कॉलेजात अशी नेमणूक सहज झाली नसती. इरावती कर्वे 1926 मध्ये इथल्याच तत्त्वज्ञानाच्या पदवीधर. पण अपवाद मोजून दरवाजा उघडा होता असे सिद्ध होत नाही. ज्यांना पुण्यात ना घर ना नातेवाईक, ज्यांना पंगतीत शेजारी बसवून घेतले जात नव्हते, त्यांच्यासाठी सतरा नंबरची खोली फार लांब होती. त्यांची सोय शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 पासून निघालेल्या बोर्डिंगांत केली, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्याच्या बोर्डिंगात केली. तिथल्या मुलांनी एकत्र राबून एकत्र जेवायचे होते. 1947 मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेव्हा ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत कॉलेजपर्यंत पोहोचली. फर्ग्युसनने उत्तर न दिलेल्या प्रश्नाचे हे उत्तर होते.

म्हणून फर्ग्युसनच्या पहिल्या पस्तीस वर्षांचा हिशेब असा मांडावा लागतो. शिकवणाऱ्यांच्या हाती संस्था दिली तर ते लोकमताविरुद्ध उभे राहू शकतात, हे त्या कॉलेजने दाखवून दिले. अनुदानाची दोरी दुसऱ्याच्या हाती असली तर त्या स्वातंत्र्याला कुंपण पडते, हेही दाखवून दिले. आणि स्वतःच स्वतःचे वारस निवडणारी मंडळी कितीही उदार असली तरी बहुधा आपल्यासारख्यांनाच निवडतात, हे तिसरे. आज कॉलेजे स्वायत्त होतात तेव्हा चर्चा अभ्यासक्रम, परीक्षा आणि मानांकन यांची होते. त्या चर्चेत तीन प्रश्न घालावेत : या कॉलेजातला प्राध्यापक गावाला न पटणारे बोलला तर त्याची नोकरी टिकेल का, सरकारला न पटणारे बोलला तर टिकेल का, आणि ज्याच्या घरात आजवर कोणी कॉलेजचे तोंड पाहिले नाही अशा मुलाला तिथल्या वसतिगृहात खोली मिळेल का. 1905 च्या फर्ग्युसनला यांतल्या पहिल्याच प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे देता आले असते. आपल्या ओळखीच्या कॉलेजाला किती प्रश्नांना ‘होय’ म्हणता येते, हे वाचकांनी एकदा तपासून पाहावे.