गोधडीच्या पोटातला इतिहास

गेवराई परिसरातल्या जुन्या घरांत आजीच्या किंवा पणजीच्या हातची एखादी गोधडी जपलेली असते. कधी ती विरलेली असते, कधी अर्धीच शिवून राहिलेली. ती पुरी करावी, की आहे तशी ठेवावी? प्रश्न घरगुती वाटतो. पण आमच्या मते तो इतिहासाच्या पुराव्याचा आहे आणि वर्गात चर्चेला घेण्याजोगा आहे.

जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरायची, वर ठिगळे लावायची आणि धावदोऱ्याने सारे थर एकत्र शिवायचे, ही गोधडीची रीत. गोधडी विरली की तिच्यावर नवे कापड घालून पुन्हा टाके मारायचे. जमिनीच्या थरांत जुना थर तळाशी असतो. गोधडीत तो पोटात जातो. तिथे ऊन पोचत नाही. बाहेरचे रंग उडाले तरी आतल्या कापडाचा मूळ रंग पुष्कळदा टिकून राहतो.

कापडाचा पुरावा मुळातच दुर्मिळ. आपली माती मडकी जपते, सूत जपत नाही. प्रवरेकाठच्या नेवासे येथे डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. तिथे ताम्रपाषाण काळातल्या एका दफनात तांब्याचे मणी मिळाले. ते ज्या दोऱ्यात ओवले होते, त्याचे अवशेष तपासल्यावर त्यात रेशीम आणि कापूस आढळला. तीन हजार वर्षे तो धागा टिकला, कारण तांब्याच्या क्षारांनी सूक्ष्मजीवांना दूर ठेवले. असा योग क्वचितच येतो.

गोधडीचा काळ कसा ठरवायचा? आधी सूत पाहावे. हातसुताची जाडी कमीजास्त असते, गिरणीचे सूत एकसारखे असते. मुंबईतली पहिली गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने कृत्रिम जांभळा रंग बनवला. पुढे मंजिष्ठेतले अलिझरीन १८६९ मध्ये आणि नीळ १८९७ मध्ये कारखान्यातून बाजारात आली. नैसर्गिक आणि कृत्रिम निळीतला मुख्य रेणू एकच. म्हणून नुसत्या डोळ्यांनी निवाडा करू नये. पॉलिएस्टरचा धागा १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये तयार झाला. शिक्षकांनी सुटलेल्या धाग्याचे टोक चिमट्यात धरून जाळून दाखवावे: सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो व राख उरते, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. एक नियम लक्षात ठेवावा. शिवणीत अडकलेल्या सर्वांत नव्या धाग्याहून ती शिवण जुनी असू शकत नाही.

काळे ठिगळ शेजारच्या लाल ठिगळाच्या आधी फाटलेले दिसले, तर त्याचे कारण रसायनात असू शकते. जुन्या पद्धतीत काळा रंग लोहाचे क्षार आणि हिरड्यातले टॅनिन यांपासून करत. हे लोह कापसातल्या सेल्युलोजच्या साखळ्या तुटायला मदत करते.

आता मूळ प्रश्न. गोधडी पुरी करण्यात आम्हाला गैर काही दिसत नाही. नवा थर चढवणे हीच तिला जपण्याची जुनी रीत आहे. मात्र आधी नोंद करावी. दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, मापे लिहावीत, कोणते कापड कोणाच्या लुगड्याचे हे घरातल्या वडीलधाऱ्या बायांना विचारून ठेवावे. जुने टाके उसवू नयेत. नवी शिवण वेगळ्या रंगाच्या मऊ सुती दोऱ्याने घालावी, म्हणजे दोन हात ओळखू येतील. नायलॉनचा दोरा वापरू नये. तो जुन्या कापडाला कापतो. धुण्यापूर्वी ओल्या पांढऱ्या कापडाने रंग जातो का ते पाहावे. कापड फारच विरले असेल, तर शिवूच नये. धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत न घालता, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवावे आणि अधूनमधून घडी बदलावी.

गेवराई १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. त्या काळातल्या जमिनींचे, महसुलाचे कागद दप्तरात मिळतात. पण त्यांत बायांची नावे शोधावी लागतात. घरचे फाटके कापड जोडून उबेची सोय करणाऱ्या बायांनी मागे ठेवलेला लेख म्हणजे ही गोधडी. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाच्या बोचक्यातही ती असते आणि वापरात झिजून संपते. ती संपण्याआधी एका गोधडीची तरी नोंद प्रत्येक वर्गाने करावी. त्यासाठी लागते एक वही, एक फूटपट्टी आणि आजीला विचारायचे चार प्रश्न.