मेटफॉर्मिनचे दुष्परिणाम: कोणते किरकोळ, कोणते गंभीर?

टाइप २ मधुमेहाचे निदान झाल्यावर बहुतेकांना आधी मेटफॉर्मिन दिले जाते. यकृतातून रक्तात येणारी साखर ते कमी करते आणि इन्सुलिनचा परिणाम वाढवते. गोळी जुनी आणि स्वस्त आहे, मात्र काही बाबतींत सावध राहावे लागते.

सुरुवातीचा त्रास
मळमळ, जुलाब, गॅस, तोंडाला धातूसारखी चव हे त्रास नेहमीचे आहेत. बहुतेकांना ते काही आठवड्यांत कमी होतात. गोळी जेवणासोबत घ्या. त्रास थांबलाच नाही तर डॉक्टरांना एसआर गोळीबद्दल विचारा. एसआर गोळी चावू किंवा कुटू नका.

हातापायांना मुंग्या
बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेतल्यास शरीरातील व्हिटॅमिन बी१२ कमी होऊ शकते. मग थकवा आणि मुंग्या येतात. ‘शुगरमुळे होतंय’ म्हणून सोडून देऊ नका, बी१२ तपासून घ्या. शाकाहारी लोकांनी विशेष लक्ष द्यावे.

साखर खूप कमी होते का?
एकट्या मेटफॉर्मिनमुळे क्वचितच. पण अनेकांच्या एकाच गोळीत ग्लिमेपिराइडही असते आणि त्याने साखर घसरू शकते. स्ट्रिपवरील घटक वाचा. अशी गोळी घेत असाल तर उपवासाआधी डॉक्टरांशी बोला. घाम, थरथर, धडधड जाणवल्यास लगेच ग्लुकोज किंवा साखरेचे पाणी घ्या.

कधी जपावे?
• किडनीचा आजार: ईजीएफआर ३० पेक्षा कमी असल्यास मेटफॉर्मिन देत नाहीत.
• सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी: शिरेतून डाय देणार असतील तर आधीच सांगा. गोळी काही काळ थांबवावी लागू शकते.
• खूप उलट्या-जुलाब: पाणी कमी होऊन किडनीवर ताण येतो. गोळी थांबवायची का, हे त्याच दिवशी विचारा.
• मद्यपान: जास्त मद्य धोका वाढवते.
• स्टेरॉइड: यांनी साखर वाढते, डोस बदलावा लागू शकतो.

यातील पहिल्या चार परिस्थितींत रक्तात लॅक्टिक आम्ल साठण्याचा धोका वाढतो. हा प्रकार दुर्मीळ असला तरी जिवावर बेतू शकतो. धाप लागणे, स्नायू दुखणे, खूप गळून जाणे, गुंगी येणे ही लक्षणे एकत्र दिसल्यास थेट रुग्णालयात जा.

एरवी मात्र फॉरवर्ड झालेला मेसेज वाचून गोळी बंद करू नका. वाढलेली साखर डोळे, किडनी आणि नसा खराब करते, तेही फारसे न जाणवता.