झातोपेकचे दोनशे मीटर

२३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीचे कांस्यपदक जिंकले, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. दुसऱ्याच दिवशी, त्याच शहरात, चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झातोपेकने पाच हजार मीटरची शर्यत जिंकली. दहा हजार मीटरची त्याने २० जुलैलाच जिंकली होती. २७ जुलैला तो आयुष्यातली पहिली मॅरेथॉन धावला आणि तीही जिंकला. एकाच ऑलिंपिकमध्ये या तिन्ही शर्यती जिंकणे आजवर दुसऱ्या कोणालाही साधलेले नाही.

या यशाचे मूळ सांगताना झातोपेकच्या हिवाळ्याच्या गोष्टी हटकून येतात. लष्करातली नोकरी, बर्फाने झाकलेली जंगलवाट, पायांत जड लष्करी बूट, अंधार पडल्यावर हातात बॅटरी. गोष्टी खऱ्याच आहेत. पण त्यांतून झातोपेक म्हणजे केवळ हालअपेष्टा, असा समज रूढ झाला. त्याच्या सरावाचा हिशेब मात्र वेगळे सांगतो.

१९४८च्या सुमारास त्याचा नेहमीचा सराव असा असे: २०० मीटर पाच वेळा, ४०० मीटर वीस वेळा, पुन्हा २०० मीटर पाच वेळा, आणि दर दोन धावांच्या मध्ये २०० मीटर अगदी संथ धावणे. बेरीज केली, तर वेगाचे अंतर १० किलोमीटर भरते आणि संथ धावण्याचे ५.८ किलोमीटर. म्हणजे एकूण अंतराचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग दम परत मिळवण्यासाठी होता. हे संथ दोनशे मीटर नसते, तर पुढचे वेगवान चारशे झालेच नसते.

जर्मनीत फ्रायबुर्ग येथे प्रशिक्षक वाल्डेमार गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी हेच सूत्र नाडीच्या ठोक्यांवर बसवले. धावून ठोके १८०पर्यंत न्यायचे आणि दीड मिनिटात ते १२०च्या आसपास उतरतात का, हे पाहायचे. उतरले नाहीत, तर श्रम जास्त झाले. हृदय बळकट होते ते या विसाव्याच्या काळात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

दोन धावांमधला विसावा जपणाऱ्या झातोपेकला आजारपणातला विसावा मात्र मानवला नाही. १९५६मध्ये, पत्नी डाना हिला खांद्यावर घेऊन सराव करताना त्याला हर्निया झाला. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. घरी येताच तो पुन्हा धावू लागला. मेलबर्नच्या मॅरेथॉनमध्ये तो सहावा आला. तेव्हा तो ३४ वर्षांचा होता, त्यामुळे सारा दोष घाईला देता येणार नाही. पण त्या दिवशी जिंकला तो आलाँ मिमून, पूर्वी ऑलिंपिकमध्ये तीनदा झातोपेकच्या मागे दुसरा आलेला. शर्यत संपवून तो तिथेच थांबून राहिला आणि झातोपेक पोहोचल्यावर दोघांनी एकमेकांना मिठी मारली.

बर्फातल्या बुटांची गोष्ट सांगणाऱ्याने ते दोनशे मीटरही सांगायला हवेत. नाहीतर नवा धावपटू त्याच्याकडून कष्ट तेवढे उचलेल आणि विसावा मागे ठेवील.