बहुपर्यायी प्रश्नातील सुसंगती : पुण्यातील शिष्यवृत्ती परीक्षेचा दाखला

अमेरिकेतील कॅन्सस येथे फ्रेडरिक केली यांनी १९१५ च्या सुमारास वाचनचाचणी रचली. प्रश्नाचा अर्थ एकच निघावा व उत्तरही एकच असावे, हा तिचा दंडक होता. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने २०१७ मध्ये सातवीऐवजी आठवीला शिष्यवृत्ती परीक्षा घेण्यास आरंभ केला. आठवीच्या या परीक्षेत कमाल २० टक्के प्रश्नांना चारपैकी दोन पर्याय अचूक ठेवून ते दोन्ही नोंदविणे बंधनकारक करण्यात आले. परिणामी प्रश्नकर्त्याची जबाबदारी वाढली. एकच उत्तर अपेक्षित असता दुसरा पर्यायही अंशतः खरा ठरला, तर दोष प्रश्नकर्त्याचा असतो. गुण मात्र विद्यार्थ्याचे जातात. सुसंगती उत्तरांच्या संख्येत नसून, जाहीर नियम प्रत्येक पर्यायात पाळण्यात असते, हे यावरून स्पष्ट होते.