लेण्यांत मुलांना आधी टाके दाखवा

कान्हेरीला मुलांना नेले की पावले थेट तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाकडे वळतात. खांब, स्तूप, दारालगतच्या उंच बुद्धमूर्ती पाहून होईपर्यंत खडक तापलेला असतो, पाच-सहा वर्षांचे मूल पाणी मागून बेजार करते आणि एवढ्या लहान पोरांना आणायलाच नको होते, असे मोठ्यांना वाटू लागते. मला मात्र त्या मुलाची तहान हीच या लेण्यांकडे पाहण्याची खरी सुरुवात वाटते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षे या डोंगरात माणसे राहिली, ती पाण्याची सोय केली म्हणून. कोकणात पाऊस धो-धो पडतो हे खरे, पण तो चार महिन्यांचा. उघड्या कातळावरून पाणी झरझर उतरून जाते आणि उन्हाळ्यात ओढे कोरडे पडतात. म्हणून कान्हेरीत कातळावर चर खोदून पाणी वळवले आणि विहारांच्या अंगणालगत टाकी खोदली. टाक्याचे तोंड नीट पाहावे. ते लहान, चौकोनी आहे, आणि खाली खडकाच्या पोटात पोकळी बरीच मोठी. पाण्यावर ऊन पडत नाही, वाफ कमी होते, पाणी गार राहते. शेजारी ओसरीत दगडी बाक आहे. भर दुपारी त्यावर बसले की आतला गारवा लगेच अंगाला जाणवतो.

यावर कोणी म्हणेल, भिक्षू स्थिर राहत ते फक्त वर्षावासात, एरवी ते फिरतीवर असत. मग पाण्याचे एवढे कौतुक कशाला? पण वर्षावास म्हणजे पावसाळा, आणि तेव्हा पाणी आकाशातूनच पडते. साठवण लागते ती पाऊस सरल्यावर. इतकी टाकी खोदली गेली, याचा अर्थ पावसाळ्यानंतरही इथे राबता होता, असाच मी लावतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही श्रद्धेची आणि कलेची जागा. तिला पाणवठा करून टाकणे म्हणजे तिचा मान कमी करणे नव्हे का? याचे उत्तर दात्यांनीच दगडात कोरून ठेवले आहे. कल्याणच्या एका सोनाराने टाके दान दिल्याचा लेख कान्हेरीतच आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यातला उषवदाताचा लेख तर फार बोलका आहे. क्षत्रप नहपानाचा हा जावई त्रिरश्मी डोंगरात लेणे केल्याचे सांगताना त्यासोबतच्या टाक्यांचाही उल्लेख करतो, आणि आपल्या पुण्यकर्मांत विहिरी, तळी व नदीकाठच्या पाणपोया मोजतो. ज्यांनी पैसा दिला त्यांना पाणी आणि धर्म वेगळे वाटत नव्हते. मग ते वेगळे करणारे आपण कोण?

लहान मुलांना यातले काय कळणार, असेही विचारले जाते. सातवाहन, क्षत्रप ही नावे त्यांना कळणार नाहीत, कळायची गरजही नाही. पण हे लोक झोपायचे कुठे, पाणी कुठून आणायचे, हे मूल आपण होऊन विचारते, आणि पुरातत्त्वाचा अभ्यासकही तेच विचारतो. खोलीतला दगडी ओटा, दारातले टाके, कातळातला चर ही त्याची उत्तरे हाताला लागण्याइतकी जवळ आहेत. तेव्हा सकाळी लवकर निघा, प्यायचे पाणी घरून न्या, टोप्या घाला आणि उन्हाच्या वेळी ओसरीत थांबा. टाकी उघडी आणि खोल असतात, म्हणून मुलाचा हात घट्ट धरूनच आत डोकावू द्या. आणि रिकामी बाटली त्या टाक्यात टाकू नका. कोणीतरी पुण्य म्हणून ते खोदवले आहे.