तडे दिसत होते, तरीही…

माझ्या टी-शर्टच्या कॉलरमागे ‘मेड इन बांगलादेश’ लिहिलंय. ते वाचलं की मला २४ एप्रिल २०१३ ही तारीख आठवते. ढाक्याजवळच्या सावरमधली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत त्या सकाळी कोसळली. ११३४ माणसं गेली. आदल्याच दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालची बँक बंद राहिली; वरच्या शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावलं गेलं. न जावं, तर पगार कापला जायची भीती. किमान वेतन तेव्हा महिन्याला ३००० टाका होतं.

पुढच्याच महिन्यात ‘अकॉर्ड’ करार झाला. परदेशी ब्रँड कायद्याने बांधले गेले, कारखान्यांची तपासणी सुरू झाली, धोकादायक इमारतीत शिरायला नकार देण्याचा हक्क मिळाला. वेतन मात्र करारात नव्हतं. ते सरकारने वाढवलं: २०१३ अखेर ५३००, २०१८ मध्ये ८०००, २०२३ मध्ये १२५००. त्या वेळी कामगारांची मागणी होती २३०००ची.

कपड्याला ब्रँड काय भाव देणार, हे अजून ब्रँडच ठरवतो. पगार त्याच भावातून निघतो. म्हणून मला वाटतं, वेतन हाही सुरक्षेचाच प्रश्न आहे. एका महिन्याचा पगार बुडाला तर ज्याची चूल बंद पडते, तो नकाराचा हक्क वापरणार कसा?