लॅपटॉपचा प्रोसेसर जाहीर वेगापेक्षा मंद का चालतो?

लॅपटॉप खरेदी करताना गिगाहर्ट्झचा आकडा ग्राहकाच्या नजरेत भरतो. घरी आणल्यावर मात्र तोच प्रोसेसर निम्म्या वेगानेही चालत नसल्याचे पडद्यावर दिसते आणि फसवणूक झाल्याची शंका येते. बहुतेक वेळा ही शंका निराधार असते. वेग कमी करणे हा प्रोसेसरच्या रचनेचाच भाग आहे. काही प्रसंगी मात्र तो बिघाडाचा इशाराही असतो. हा फरक ठाऊक नसल्यास दुरुस्तीचा अनावश्यक भुर्दंड सोसावा लागतो.

विजेचे गणित

प्रोसेसरला लागणारी वीज मुख्यतः क्लॉक स्पीड आणि विद्युतदाब यांवर ठरते. वेग दुप्पट केल्यास विजेचा वापर दुप्पट होतो. विद्युतदाब दुप्पट केल्यास तो चौपट होतो. वेग वाढवायचा तर बहुधा दाबही वाढवावा लागतो. म्हणूनच वेगात थोडी कपात केली, तरी विजेची मोठी बचत होते.

इंटेलने जानेवारी २००० मध्ये लॅपटॉपसाठीच्या पेंटियम-३ प्रोसेसरमध्ये 'स्पीडस्टेप' तंत्रज्ञान आणले, ते याच तत्त्वावर. ६५० मेगाहर्ट्झचा हा प्रोसेसर बॅटरीवर ५०० मेगाहर्ट्झने चालत असे आणि विद्युतदाब १.६ व्होल्टवरून १.३५ व्होल्टवर येत असे. वेगातील घट सुमारे २३ टक्के, तर वरील सूत्रानुसार विजेतील बचत सुमारे ४५ टक्के होते. आजचे प्रोसेसर हाच बदल सेकंदात अनेकदा करतात. काम नसताना वेग खाली येतो, काम येताच वर जातो.

एक प्रोसेसर, दोन आकडे

जाहीर वेगही आता एकच राहिलेला नाही. इंटेलच्या २०१७ मधील कोअर आय-७ ८५५०यू या प्रोसेसरचा मूळ वेग १.८ गिगाहर्ट्झ, तर कमाल टर्बो वेग ४ गिगाहर्ट्झ आहे. कमाल वेग तापमान आणि वीज अनुकूल असेपर्यंतच मिळतो. सर्व कोअर एकाच वेळी कामाला लागले की तो कमी होतो. जाहिरातीत मात्र मोठा आकडाच ठळक छापला जातो.

उष्णतेची मर्यादा

अनेक लॅपटॉप प्रोसेसरची तापमानमर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ती गाठली की चिप जळू नये म्हणून प्रोसेसर स्वतःच वेग घटवतो. पंख्यात साचलेली धूळ, सुकलेली थर्मल पेस्ट, गादीवर ठेवल्याने बंद झालेली हवेची वाट आणि कडक उन्हाळा ही त्याची नेहमीची कारणे होत. क्वचित दोष सॉफ्टवेअरमध्येही असतो. जुलै २०१८ मध्ये अ‍ॅपलच्या नव्या मॅकबुक प्रोचा वेग जड कामात घसरत असल्याच्या तक्रारी आल्या. फर्मवेअरमधील त्रुटी मान्य करून कंपनीने त्याच महिन्यात सुधारणा उपलब्ध केली.

चार्जर हेही एक कारण असू शकते. कमी क्षमतेचा किंवा लॅपटॉपला ओळखता न येणारा चार्जर जोडल्यास काही लॅपटॉप प्रोसेसरचा वेग मुद्दाम मर्यादित ठेवतात. केबलमधील दोषानेही हेच घडू शकते.

तपासणी कशी करावी?

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये चालू वेग आणि मूळ वेग दोन्ही दिसतात. चार्जर जोडून एखादे जड काम सुरू करावे आणि आकडे पाहावेत. काम नसतानाचा कमी वेग चिंतेचा नाही. कामाच्या वेळी वेग वाढून काही काळाने मूळ वेगाखाली घसरत असेल आणि तापमान मर्यादेला भिडलेले असेल, तर पंखा स्वच्छ करून घ्यावा. तापमान कमी असूनही वेग वाढतच नसेल, तर चार्जर आणि पॉवर सेटिंगमधील प्रोसेसरची कमाल मर्यादा तपासावी. एवढे केल्याविना प्रोसेसर किंवा मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला मानू नये.

नवी खरेदी करतानाही हे ध्यानात ठेवणे हिताचे. एकच प्रोसेसर असलेल्या दोन लॅपटॉपपैकी ज्याची उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्था चांगली, तोच दीर्घकाळ वेग टिकवतो. खोक्यावरील आकड्यावरून ते कळत नाही.